ताप गेला, तोल सांभाळा

घरातील वडीलधाऱ्या माणसाला ताप आला की सारे घर दक्ष होते. कोणी कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवतो, कोणी रक्ततपासणीचा अहवाल आणायला धावतो, रात्री कोणीतरी उशाशी जागे राहते. पाचव्या-सहाव्या दिवशी ताप उतरतो आणि घर सुटकेचा निःश्वास टाकते. मुले कामावर रुजू होतात, नातवंडे शाळेत जातात, पाहुण्यांचे विचारपूस करणारे दूरध्वनी थांबतात. नेमक्या याच दिवसांत, एखाद्या पहाटे, न्हाणीघराच्या दाराशी आजींचा तोल जातो. पडणे क्षणाचे असते. पण खुब्याचे हाड मोडते आणि आपल्या पायांनी देवळात जाणाऱ्या आजी महिनोन् महिने अंथरुणाला खिळतात.

अशा वेळी ‘पाय घसरला’ एवढेच कारण सांगितले जाते. रुग्णालयाच्या कागदावर अस्थिभंगाची नोंद होते. पंधरा दिवसांपूर्वी येऊन गेलेल्या तापाचा त्यात उल्लेखही नसतो. वास्तविक या दोन घटनांमध्ये पुष्कळदा निकटचा संबंध असतो. विषाणूजन्य ताप शरीरातून निघून जाताना स्नायूंची ताकद, सांध्यांची लवचीकता आणि उभे राहण्याचा आत्मविश्वास बरोबर घेऊन जातो. तो परत मिळण्यास काही आठवडे लागतात. ज्येष्ठांच्या दृष्टीने हेच आठवडे सर्वांत जोखमीचे ठरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे झालेल्या इजांनी मृत्युमुखी पडतात आणि त्यांत साठीपुढच्या व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते. पासष्ट वर्षांवरील शंभरांपैकी सुमारे २८ ते ३५ व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडतात. यांतील प्रत्येक पडण्यामागे ताप नसतो, हे खरे. परंतु ज्या वेळी असतो, त्या वेळी अपघात टाळणे बऱ्याच अंशी घरच्यांच्या हाती असते.

वाकवणारा आजार

चिकुनगुन्या हे या संबंधाचे सर्वांत बोलके उदाहरण. हे नाव पूर्व आफ्रिकेतील माकोंडे भाषेतून आले असून त्याचा आशय ‘वाकवून टाकणारा’ असा आहे. १९५२-५३ मध्ये आजच्या टांझानियातील माकोंडे पठारावर आलेल्या साथीत सांधेदुखीने रुग्ण अक्षरशः वाकून चालत होते. भारतात १९६३ साली कोलकात्यात या आजाराची साथ आली आणि १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे तिने पुन्हा डोके वर काढले. त्यानंतर तीन दशके हा आजार जवळजवळ विस्मृतीत गेला होता. २००५-०६ मध्ये तो परतला. एकट्या २००६ साली देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. आंध्र प्रदेश, कर्नाटक, महाराष्ट्र, तमिळनाडू, मध्य प्रदेश आणि गुजरात ही राज्ये त्या वर्षी या तापाने जेरीस आली होती.

त्या साथीतील एक नोंद विचार करायला लावणारी आहे. चिकुनगुन्या हा सहसा जीवघेणा आजार मानला जात नाही. तथापि अहमदाबाद शहरातील मृत्युनोंदींचा पुढे अभ्यास झाला, तेव्हा ऑगस्ट ते नोव्हेंबर २००६ या चार महिन्यांत, आधीच्या चार वर्षांच्या त्याच महिन्यांतील सरासरीपेक्षा २,९४४ मृत्यू अधिक झाल्याचे आढळले. हे सर्व मृत्यू चिकुनगुन्यामुळेच झाले असे त्यावरून सिद्ध होत नाही; पडण्याशी तर या आकड्याचा थेट संबंधही जोडता येणार नाही. तरीही साथीचे खरे मोल तापाच्या रकान्यात पूर्णपणे उमटत नाही, एवढे त्यातून निश्चितपणे समजते.

अस्थिभंगाच्या बाबतीतही असेच काहीसे दिसून येते. अमेरिकेतील वृद्धाश्रमांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. इन्फ्लुएन्झाची साथ जोरात असते त्या काळात तेथील रहिवाशांमध्ये खुब्याच्या अस्थिभंगाचे प्रमाणही वाढते, असे त्यात आढळले. दोन गोष्टी एकाच वेळी वाढल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरतेच असे नाही. परंतु ताप शरीरात काय करतो हे पाहिले, तर या योगायोगाचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

पाय का डळमळतात?

पहिले कारण पाण्याचे. तापात घाम येतो, भूक-तहान मंदावते, कधी उलट्या-जुलाब होतात. वार्धक्यात तहानेची जाणीव मुळातच क्षीण झालेली असते. शरीरातील पाणी व क्षार कमी झाले की उठून उभे राहताच रक्तदाब घसरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. झोपलेल्या स्थितीतून उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा त्याहून अधिक उतरला, तर तो धोक्याचा इशारा समजला जातो. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या नेहमीच्याच मात्रेत चालू असल्या, तर ही घसरण आणखी तीव्र होते.

दुसरे कारण स्नायूंचे. अमेरिकेत झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी ज्येष्ठांना सलग १० दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. त्यांना ताप नव्हता, आहारही नियमित होता. तरीही तेवढ्या अवधीत दोन्ही पायांतील मांसल भागाचे वजन सरासरी सुमारे १ किलोने घटले आणि पायांची शक्तीही कमी झाली. निरोगी माणसाची ही स्थिती, तर तापाने स्नायू झिजत असताना आणि पोटात पेजेपलीकडे काही जात नसताना काय होत असेल याची कल्पना करता येते. तरुण माणूस ही झीज लवकर भरून काढतो; सत्तरीतील शरीराला ते सहज साधत नाही.

तिसरे कारण सांध्यांचे. चिकुनगुन्यात घोटे, गुडघे, मनगटे आणि बोटांचे सांधे प्रामुख्याने धरतात. काही रुग्णांची सांधेदुखी तीन महिन्यांहून अधिक काळ, क्वचित वर्षानुवर्षे टिकते. सकाळी उठताना सांधे आखडलेले असतात आणि पाऊल नीट उचलले जात नाही. उंबरठा, पायपुसण्याची दुमडलेली कड किंवा एखादी लहानशी पायरीही मग अडथळा होते. तोल जाताना कठडा घट्ट पकडावा, तर मनगटात तेवढे बळ नसते.

चौथे कारण मनाच्या गोंधळाचे. ज्येष्ठांना तापात भ्रम होणे असामान्य नाही. दिवस-रात्रीचे भान सुटते, ओळखीच्या घरातही दिशा चुकते. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांनी गुंगी येते आणि झोपेच्या गोळ्यांमुळे ती वाढते. अशा अवस्थेत मध्यरात्री लघवीसाठी उठणे, दिवा न लावता चाचपडत जाणे आणि ओल्या फरशीवर पाय पडणे, ही अपघाताची सर्व तयारीच म्हणावी लागेल. काही विषाणू कानातील तोल सांभाळणाऱ्या मज्जातंतूलाही सूज आणतात. त्यामुळे घर गरगर फिरल्यासारखे वाटते.

आणि हाड का मोडते?

पडणाऱ्या प्रत्येकाचे हाड मोडत नाही. मात्र ज्याचे हाड आधीच ठिसूळ झाले आहे, त्याला उभ्या उंचीवरून पडणेही पुरेसे होते. हाड ही जिवंत वस्तू आहे. तिच्यात जुना भाग काढून टाकणाऱ्या आणि नवा भाग घडविणाऱ्या पेशींचे काम अखंड चालू असते. वाढत्या वयात, विशेषतः स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतर, जमेपेक्षा खर्च अधिक होऊ लागतो. बँकेतील शिल्लक हळूहळू घटावी तशी हाडांची घनता घटते आणि बहुधा पहिला अस्थिभंग होईपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही. यालाच ऑस्टिओपोरोसिस म्हणजे अस्थिठिसूळता म्हणतात. घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, तर ही अवस्था आहे असे मानले जाते.

तीव्र संसर्गात शरीरात जे दाहकारक घटक तयार होतात, ते हाड झिजविणाऱ्या पेशींना चेतवतात. हालचाल थांबल्याने हाडांवर पडणारा आवश्यक भारही नाहीसा होतो. त्यात स्टिरॉइडची भर पडली तर झीज वेगाने होते. दीर्घकाळ चाललेल्या सांधेदुखीवर डॉक्टर कधी कधी ही औषधे देतात आणि योग्य रुग्णात ती उपयुक्तही असतात. अडचण उद्भवते ती जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा औषध आणून स्वतःच्या मनाने घेत राहिल्यास. स्टिरॉइडमुळे होणारी हाडांची हानी पहिल्या काही महिन्यांतच सर्वाधिक असते. कोविडच्या साथीत स्टिरॉइडने अनेकांचे प्राण वाचविले; परंतु २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी अशा उपचारानंतर काही रुग्णांत मांडीच्या हाडाच्या खुब्यातील गोलाचा रक्तपुरवठा बंद पडून तो निकामी झाल्याचेही नोंदविले. अर्थात दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड एकाएकी बंद करणेही घातक असते. घेणे आणि थांबविणे, दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे.

पडणे हेच पहिले लक्षण

कधी कधी क्रम उलटा असतो. ज्येष्ठांमध्ये संसर्ग असूनही अंग फारसे तापत नाही. खोकला किंवा सर्दी दिसण्याआधीच अशक्तपणा, गोंधळ आणि पडणे ही लक्षणे प्रकट होतात. कोविडच्या काळात अनेक वृद्ध पडल्यामुळे रुग्णालयात आले आणि तपासणीत त्यांना संसर्ग असल्याचे उघड झाले. म्हणून एरवी व्यवस्थित चालणारी ज्येष्ठ व्यक्ती कारण नसताना पडली, तर हाडाच्या क्ष-किरण तपासणीबरोबरच संसर्ग, रक्तदाब, रक्तातील साखर आणि सोडियम यांकडेही डॉक्टरांचे लक्ष वेधणे शहाणपणाचे ठरते.

तापाच्या दिवसांत आणि नंतर

ताप असतानाच काही गोष्टी पाळल्या, तर पुढचे पुष्कळसे संकट टळते. पाणी, ताक, सरबत, वरणाचे पाणी थोड्या थोड्या अंतराने देत राहावे. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या औषधांची मात्रा तापापुरती बदलावी काय, हे आवर्जून विचारावे. डेंग्यूची शंका दूर होईपर्यंत अंगदुखीसाठी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयासाठी रोजची ॲस्पिरिन चालू असेल, तर तिचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. डेंग्यूच्या रुग्णाच्या डोक्याला मार लागल्यास तो किरकोळ वाटला तरी विनाविलंब रुग्णालय गाठावे.

आपल्याकडे तापात लंघन करण्याची जुनी समजूत आहे. भूक नसताना एक-दोन दिवस हलके अन्न घेणे ठीक. पण पेज आणि साबुदाण्यावर आठवडे काढणे वृद्ध शरीराला परवडणारे नाही. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने आवश्यक असतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारावे. वरण, मूग, दूध, दही, पनीर, अंडी यांतून ही गरज भागते. शंभर ग्रॅम नाचणीतून सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते. तेव्हा नाचणीची आंबील किंवा सत्त्व हे आजारपणातील उत्तम अन्न होय. ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या सूर्यप्रकाशाच्या देशातही सर्रास आढळते. तिची तपासणी करून पूरक औषध घ्यावे. मोठ्या मात्रेच्या पुड्या मनानेच घेत राहू नये.

डॉक्टरांनी संपूर्ण विश्रांती सांगितली नसेल, तर ताप उतरताच हालचाल सुरू करावी. प्रथम अंथरुणातच घोटे वर-खाली हलविणे, मग काठावर बसणे, त्यानंतर आधाराने उभे राहणे, असा क्रम असावा. उठताना ‘आजी, दोन मिनिटे बसूनच राहा, मग उभ्या राहा’ असे सांगणारे कोणीतरी जवळ असावे. पायांची ताकद अजमावण्याची एक सोपी रीत आहे. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवर बसून, हात छातीशी घडी घालून, सलग पाच वेळा उठून बसावे. यास १५ सेकंदांहून अधिक वेळ लागला किंवा उठताच आले नाही, तर पायांत पुरेसे बळ परतलेले नाही असे समजावे आणि फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. ही चाचणी घेताना दुसरी व्यक्ती शेजारी उभी असलीच पाहिजे.

घरातील बदल खर्चिक नसतात. न्हाणीघरात आणि शौचालयात पकडायला दांडा, खाली न घसरणारी चटई, पाटाऐवजी आंघोळीसाठी खुर्ची, खाटेपासून शौचालयापर्यंत रात्रभर जळणारा मंद दिवा, पायांत मागून पट्टा असलेली घट्ट बसणारी पादत्राणे, इतके केले तरी पुष्कळ साधते. घोळदार लुंगी किंवा लोळणारा साडीचा काठ या दिवसांत टाळावा. पायपुसणी काही आठवडे उचलून ठेवावीत. काठी वापरण्यात कमीपणा मानू नये; काठी नाकारण्याचा अभिमान अनेकदा फार महागात पडतो.

मुळात संसर्गच होऊ नये यासाठी दरवर्षी इन्फ्लुएन्झाची लस घेण्याबाबत, तसेच न्युमोनिया व नागिणीच्या लसींबाबत डॉक्टरांशी बोलावे. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरविणारा एडिस डास दिवसा चावतो आणि घरातल्याच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणूनच पिंप, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचे भांडे आठवड्यातून एकदा रिकामे करून कोरडे करण्यास महत्त्व आहे.

पडल्यास काय करावे?

पडलेल्या व्यक्तीला घाईने ओढून उभे करू नये. जांघेत तीव्र वेदना, पाय टेकता न येणे, एक पाय आखूड व बाहेर वळलेला दिसणे ही खुब्याच्या अस्थिभंगाची लक्षणे होत. अशा वेळी चोळणे, मालीश करणे, हाड बसविण्याचा प्रयत्न करणे कटाक्षाने टाळावे आणि रुग्णाला सपाट आधारावर झोपवून रुग्णालयात न्यावे. प्रकृती अनुकूल असल्यास खुब्याची शस्त्रक्रिया २४ ते ४८ तासांच्या आत होणे हितावह असते. ‘या वयात शस्त्रक्रिया कशाला?’ म्हणून रुग्णाला घरी झोपवून ठेवल्यास न्युमोनिया, शय्याव्रण आणि पायांतील रक्ताच्या गाठी यांचा धोका दिवसागणिक वाढतो. खुब्याच्या अस्थिभंगानंतर वर्षभरात सुमारे पाचांपैकी एक रुग्ण दगावतो. लवकर शस्त्रक्रिया आणि लवकर चालणे, हेच त्यावरचे प्रमुख उपाय आहेत. शस्त्रक्रियेनंतर अस्थिठिसूळतेची तपासणी व औषधोपचारही झाले पाहिजेत. एकदा हाड मोडलेल्या व्यक्तीचे हाड पुन्हा मोडण्याचा संभव अधिक असतो.

बँकेचे काम थांबू शकते

पावसाळ्यानंतरच्या तापाची साथ ओसरते न ओसरते तोच नोव्हेंबर उजाडतो आणि निवृत्तिवेतनधारकांना हयातीच्या दाखल्याचे वेध लागतात. अंगात त्राण नसताना रिक्षाने बँकेत जाऊन पायऱ्या चढण्याची अनेकांची धडपड याच सुमारास दिसते. ती आवश्यक नाही. १० नोव्हेंबर २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल दाखला उपलब्ध आहे आणि २०२१ पासून तो मोबाईलवर चेहऱ्याच्या ओळखीनेही सादर करता येतो. ऐंशी वर्षांवरील केंद्र सरकारी निवृत्तिवेतनधारकांना हा दाखला ऑक्टोबरपासूनच देता येतो. सत्तर वर्षांवरील तसेच आजारी व अपंग ग्राहकांना रोख रक्कम, डिमांड ड्राफ्ट, हयातीचा दाखला अशा सेवा घरपोच मिळाव्यात, अशा सूचना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना दिल्या आहेत.

मनगट मोडल्यामुळे स्वाक्षरी करता येत नसेल, तर बँकेला परिचित अशा दोन साक्षीदारांसमोर, ज्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो, अंगठ्याचा ठसा देऊन पैसे काढण्याची सोय आहे. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ पद्धतीचे संयुक्त खाते असल्यास ही वेळही येत नाही. उपचारांच्या खर्चासाठी, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण खुले झाले आहे. त्याचे कार्ड आजारपणापूर्वीच काढून ठेवणे श्रेयस्कर.

ताप उतरला म्हणजे आजार संपला, असे मानण्याची सवय आपल्याला आहे. ज्येष्ठांच्या बाबतीत आजार संपल्याची खूण तापमापकावर दिसत नाही. ज्या दिवशी आजी पूर्वीच्याच चालीने, कोणाचाही हात न धरता, अंगणापर्यंत जाऊन परत येतात, त्या दिवशी त्या बऱ्या झाल्या असे म्हणावे. तोवर उशाशी बसणाऱ्याने आपली जागा सोडली तरी चालेल; मात्र आता त्याने त्यांच्या पावलांशेजारी उभे राहिले पाहिजे.